पैंजण आणि आठ वर्षांची साक्षीदार

ती घटना आजही आठवली की आधी माझा मलाच राग येतो. लाखांदूर तालुक्यातलं गाव, भाताच्या रोवणीचे, लावणीचे दिवस. बोडीत, म्हणजे शेतालगतच्या लहान तळ्यात, एका बाईचं प्रेत सापडलं. नवरा म्हणाला, रोवणीला जाताना पाय घसरला. शवविच्छेदनातही बुडून मृत्यू. तपास माझ्याकडे होता. मी मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, घरातल्या साऱ्या मोठ्यांचे जबाब घेतले. मेलेल्या बाईची आठ वर्षांची मुलगी मधेमधे येऊ लागली, तेव्हा मीच म्हणालो, "पोरीला बाहेर न्या." आमची पद्धतच तशी होती.

आठवड्याने गावच्या अंगणवाडीताई ठाण्यात आल्या. "साहेब, सगळ्यायले इचारलं, पोरीले काहून नाही इचारलं?"

साध्या कपड्यांत, महिला हवालदाराला सोबत घेऊन मी मुलीच्या आजोळी गेलो. आजीला टेकून ती सरळ बोलली, "माय रोवणीले गेलीच नोती. रोवणीले जाताना पैंजण काढून माह्याजवळ देते, चिखलात हरवते म्हणून. त्या दिवशी देल्लेच नाही. बाबानं तिले ओढत बोडीकडं नेलं."

ठाण्यात येऊन पंचनामा काढला. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, दोन्ही पायांत चांदीचे पैंजण. इतकी वर्षं नोकरी करून मी काय पाहत होतो कोण जाणे!

नवऱ्याला समोर बसवून एकच विचारलं, "पैंजण घालून रोवणीला?" तो तासाभरात सगळं बोलला. पण पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. आता सगळी भिस्त मुलीच्या साक्षीवर होती.

तिचा काका तणतणत आला. "लेकराले कोर्टात कायले नेता? तिले काय समजते?" वरिष्ठही म्हणाले, लहान साक्षीदार उलटतात, नाद सोडा. मी सोडला नाही. कायद्यात साक्षीला वयाची अट नाही. प्रश्न समजला आणि नीट उत्तर देता आलं की झालं.

न्यायाधीशांनी तिला जवळ खुर्ची दिली, बाप दिसू नये म्हणून पडदा लावला, तिच्याच बोलीत बोलू दिलं. बचावाच्या वकिलांनी गोड आवाजात विचारलं, "बाळ, हे पोलिसांनी शिकवलं ना?"

"नाही. मी तं पयल्याच दिवशी सांगत होती." तिनं माझ्याकडे बोट केलं. "ह्या साहेबानंच मले बाहेर काढलं."

भर कोर्टात माझी मान खाली गेली. पण शिकवल्याचा आरोपही तिथेच गळून पडला. बापाला जन्मठेप झाली.

आता नवे अधिकारी घरी भेटायला येतात. त्यांना मी ठणकावून सांगतो, चौकशीला गेलात की दाराबाहेर काढलेलं पोर आधी आत बोलवा. घरच्यांना आवडो न आवडो.