सासूबाईंची खिडकी

माझी थोरली जाऊ याल्झा चित्रं काढते ती काचेच्या मागच्या बाजूने. आमच्या द्रावा नदीकाठच्या गावांत हीच रीत. नाकावरचा तीळ आधी, मग नाक, मग चेहरा, आणि आभाळ सगळ्यात शेवटी. आधी काढलेलं पुढे राहतं. कुणाला विसरलात, तर नंतर घुसवायला जागाच नसते.

लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पेटीत चादरी कमी आणि रंग जास्त. सासूबाईंनी तेव्हाच नाक मुरडलं. "रंगाने बदकं पोसतात का?" म्हणायच्या. याल्झा बदकांना मका टाकून पुन्हा काचेशी बसायची. वीस वर्षं असंच चाललं.

मग जवळच्या कोप्रिव्हनित्सा शहरातल्या प्रदर्शनात तिचं चित्र मागवलं. तिचं पहिलंच प्रदर्शन. तीन महिने खपून तिने आमची द्राक्षतोडणी काढली. गुरुवारी सासूबाई चष्मा लावून पाहायला आल्या.

"हा माझा लेक श्तेफ. ही शेजाऱ्यांची कुत्री. आणि मी?"

याल्झाचं तोंड उतरलं. आभाळ आदल्याच दिवशी भरून झालं होतं.

"कुत्रीला जागा आहे, मला नाही. मग हे चित्र माझ्या उंबऱ्याबाहेर जाणार नाही."

रविवारी प्रदर्शन. नवी काच रंगवायला वेळ नव्हता. याल्झा थोडी रडली, मग तिने नवऱ्याचं दाढीचं पातं उचललं आणि चित्रातल्या घराची खिडकी मागून खरवडायला घेतली. हात जरा जरी घसरला असता, तरी अख्खी भिंत गेली असती. मला तर बघवेना. बोटभर काच मोकळी झाली. तिथे तिने आधी डोळे काढले, मग चेहरा, मग डोक्यावरचा रुमाल.

"खिडकीत बसवलंस होय मला?" सासूबाई म्हणाल्या.

"तिथूनच तर आमच्यावर नजर ठेवता, आई."

"नाक मोठं झालंय."

"आहे तेवढंच काढलंय," मी म्हटलं.

सासूबाई हसल्या. रविवारी सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसल्या, चित्र मांडीवर घेऊन. दिवसभर त्याच्या शेजारी उभ्या राहून येईल त्याला सांगत होत्या, "खिडकीतली मी. काढलंय माझ्या सुनेने."

पुढे याल्झाची चित्रं झाग्रेबला गेली, व्हिएन्नाला गेली. सासूबाईंना जाऊन आता नऊ वर्षं झाली. काल तिने बाजाराचं चित्र काढायला कोरी काच घेतली. मी पाहते तर पहिले दोन ठिपके म्हणजे सासूबाईंचे डोळे.

"अगं, बाजारात त्या कुठून आल्या?"

"आधी त्यांना बसू दे," याल्झा म्हणाली. "बाजार काय, मग भरेल."