दिगंबरच्या बागेतलं पाणी

हे मी आजवर कोणालाच सांगितलं न्हाई. बायकोला बी न्हाई. तुमाला काहून सांगून राहिलो — मला बी नीट ठाव न्हाई.

आमच्या पुसेगावकडच्या शिवारात आज जिकडं बघा तिकडं संत्रा. व्यापारी बांधावर येऊन बाग बघतात, गाड्या थेट वावरातून भरून जातात. नवी कलमं लावायची म्हणलं, की माणूस आधी माझ्याकडं येतो. गावातला पहिला बागवाला मीच, असं लोक म्हणतात.

एकटा मी नव्हतो. माझा दोस्त दिगंबर आन् मी, दोघांनी एकाच गाडीत विदर्भातून कलमं आणली, एकाच हप्त्यात लावली. पण त्याची झाडं — काय सांगू — माझ्यापेक्षा हातभर उंच. लोक माझ्या बांधावरून त्याची बाग बघायला जायचे. जळायचो मी. साफ सांगतो, जळायचो.

मृगाचा बहार धरायचा तर उन्हाळ्यात संत्र्याचं पाणी तोडावं लागतं. ताण म्हणतात त्याला. पानं मलूल होतात, बघवत न्हाई, पण हात आवरायचा. तवाच पावसात फूल निघतं. पहिल्या बहाराच्या त्या उन्हाळ्यात दिगंबरच्या बायकोचं नांदेडला ऑपरेशन निघालं. मोटारीच्या खोलीची चावी त्यानं माझ्या हातात दिली.

"बटनाला हात लावू नको बरं. पानं वाळली तरी न्हाई."

मी लावला. भर दुपारी, सारं गाव उन्हाला भिऊन घरात असताना. एकदा न्हाई, तीनदा. झाडाची आळी भरेपर्यंत उभा राहिलो. तहानलेल्या झाडाला पाणी पाजलं — ह्याला कोणी पाप म्हणंल का?

पाऊस पडला. माझी बाग फुलानं पांढरी झाली. त्याच्याकडं नुसती पालवी. येड्यावानी फांद्या वाकवून बघत राहिला, मग माझ्याकडं आला. "काहून असं झालं रे?"

तवा तरी बोलता आलं असतं न? मी म्हणलो, "तुझी जमीन भारी हाय. ओल सोडत न्हाई. तिथं संत्रा जमायचा न्हाई."

त्याचा धीरच खचला. पुढच्या साली त्यानं झाडं काढली. कुऱ्हाड घेऊन मी बी मदतीला गेलो. 'ह्यानं वेळेवर सांगितलं म्हणून वाचलो,' असं तो अजून चारचौघांत म्हणतो.

मागच्या महिन्यात त्याची लेक सरिता आली. आता शेती तीच बघते.

"काका, त्याच वावरात संत्रा लावायचा म्हणते. बाबा म्हणले, आधी काकाला विचार. ते म्हणतील तसं."

पिशवीतली मूठभर माती तिनं माझ्यासमोर कागदावर ठेवली. मोकळी, हलकी. माझ्या बागेत हाय तशीच. तिथं फळ लागलं, तर दिगंबरला उमगायला किती वेळ लागंल? ह्या बारीला मी जळत नव्हतो. भ्यालो व्हतो.

माती बोटात चोळली. वास घेतला. म्हणलो, "जमीन भारी हाय, बाई."

सरितानं माती परत पिशवीत भरली, माझ्या पाया पडली आन् गेली. काल त्या वावरात सोयाबीन पेरून झालं.