तीगा गावचा दगड

माझं पोस्टिंग सरहद्दीवरच्या तीगा गावी होतं. मी वॉटफर्डला वाढलेला मराठी माणूस, ब्रिटिश आर्मीत इंजिनिअर सार्जंट. इथल्या महाराष्ट्र मंडळात लोक विचारतात, "अफगाणिस्तानात तुम्ही काय केलंत हो?" मी सांगतो, एक दगड परत ठेवला. हसू नका.

पश्तूत तीगा म्हणजे दगड. गावात दोन कुळं, वरच्या अंगाला बरखेल, खालच्या अंगाला कुजखेल. मूळपुरुष दोघं सख्खे भाऊ. पाण्यावरून भांडले, आणि त्यांचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना गोळ्या घालत राहिले. शेवटी जिरगा बसली, म्हणजे त्यांची पंचायत, आणि चौकात मधोमध एक दगड ठेवला. तो जागेवर आहे तोवर बंदूक चालायची नाही. त्यावरूनच गावाला नाव पडलं. हे मला मलिकबाबांनी सांगितलं. ते गावचे म्होरके, तरुणपणी कराचीत ट्रक चालवलेले. त्यांची उर्दू आणि माझी सिनेमातली हिंदी, आमचं झकास जमायचं.

सकाळी रस्ता तपासायचा, मग नाल्यावर मोरी बांधायची, हे आमचं रुटीन. डिगर चालवायचा लान्स कॉर्पोरल डेवी. बर्मिंगहॅमचा, तोंडाची टकळी सतत चालू.

एके दिवशी मी मोरीवर होतो. वरून ऑर्डर आली, चौक रुंद करा. डेवीने दगड उचलला आणि बेसजवळ नेऊन टाकला. मी चौकात पोचलो तर बाजार ओस. दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवर रायफली. बोंबला!

मधे मलिकबाबा एकटेच उभे. म्हणाले, "ज्यानं उचलला त्यानंच आणावा. हत्याराविना."

मी रेडिओवर मेजरना कळवलं.

"नेगेटिव्ह, सार्जंट. मागे फिरा."

"सर, आपण फिरलो तर संध्याकाळपर्यंत इथे मुडदे पडतील."

"युअर कॉल. गो."

डेवीने रायफल काढून ठेवली, हेल्मेटही. "सार्ज, माझ्या आईला सांगू नका हं." डिगरने दगड चौकाच्या तोंडाशी आणला. तिथून आम्ही दोघांनी तो हातांनी लोटत नेला. तो आधी जिथे रुतलेला होता त्या खळग्याच्या काठाशी येऊन अडला. हलेचना!

वरच्या गच्चीवरून एक दाढीवाला रिकाम्या हातांनी खाली आला. मग समोरून दुसरा. चौघांनी खांदा लावला आणि दगड धप्पकन खळग्यात बसला. "शाब्बास रे पठ्ठ्यांनो!" मी चक्क मराठीत ओरडलो. एकही गोळी न सुटता रायफली खाली गेल्या. तासाभरात दोन्ही कुळांची माणसं त्या चौकात आमच्याबरोबर चहा पीत होती, आणि डेवीची टकळी पुन्हा सुरू. आजही आठवलं की छाती फुगते.

त्याच पोस्टिंगमध्ये, दुसऱ्या रस्त्यावर, सुरुंगात डेवी गेला. त्याच्यासाठी प्रार्थना झाली तेव्हा बरखेल आणि कुजखेल दोघंही बेसच्या गेटबाहेर शेजारी शेजारी उभे होते.

आम्ही तीगा सोडलं त्या दिवशी चौकाकडे जाणारा जीपवाला पॅसेंजर गोळा करत होता. चौकाला गावानं दिलेलं नवं नाव त्याच्या तोंडून ऐकून मी गाडी थांबवायला लावली.

डेवीच्या आईकडे मी दर नोव्हेंबरला बर्मिंगहॅमला जातो. चहा झाला की त्या म्हणतात, "ते करून दाखव ना." मग मी त्यांच्या किचनमध्ये उभा राहतो आणि त्या जीपवाल्यासारखा ओरडतो, "डेवी! डेवी! चला, डेवी!"