चार बोटांचा खिसा

आमचे भावोजी तुरुंगातून पळून आलेले आहेत. लग्नाआधी त्यांनी हे ताईला सांगितलं, ताईने मला सांगितलं, आणि तेव्हापासून आम्ही तिघांनी मिठाची गुळणी धरली आहे. तिकडे, त्यांच्या देशात, मारामारीत त्यांच्या हातून एकाचा जबडा मोडला. जबडा मोठ्या घरचा होता, त्यामुळे शिक्षाही घसघशीत झाली. तुरुंगाच्या शिवणखात्यात ते शिंपीकाम शिकले, आणि एके दिवशी पहारेकऱ्याचा गणवेश स्वतःच्या मापाचा शिवून, तोच घालून फाटकातून बाहेर पडले. फाटकावरच्याने सलाम ठोकला म्हणे. तिथून सरहद्द ओलांडून थेट आमच्या गल्लीत.

इथे त्यांनी दुसऱ्याच नावाने दुकान थाटलं. काजं-बटणं मी करतो, बाकी सगळं ते. इतका सरळ माणूस मी पाहिलेला नाही, आणि याचं सगळं श्रेय भीतीला आहे. रस्ता ओस पडलेला असला तरी दिवा हिरवा झाल्याशिवाय पाऊल टाकणार नाहीत. कर मुदतीच्या आधी भरतात. कुठे भांडण दिसलं की गल्ली बदलतात. पोलीस चौकीचे गणवेश तर आमच्याकडेच येतात. फौजदाराच्या कमरेला टेप लावताना भावोजींचे हात थरथरतात, आणि फौजदार मला म्हणतो, "तुमच्या भावोजींसारखी वर्दीची कदर हल्ली कुणाला राहिली नाही." मी मान डोलावतो. दुसरं काय करणार?

खोट एकच, खिशाची. तुरुंगातल्या कपड्यांना खिसा चार बोटं खोल, त्याहून जास्त नाही. आत साधा खिळासुद्धा लपता कामा नये. भावोजींच्या हाताला ते वळण असं बसलंय की कामाची तंद्री लागली की खिसा तेवढाच निघतो. गिऱ्हाइकं शिवणीची तारीफ करतात आणि खिशावरून बोलून जातात. ताई तर रोज कानीकपाळी ओरडते, "अहो, खिसा मोजून शिवा. एखाद्या दिवशी गळ्याशी येईल."

गेल्या आठवड्यात खिसा खरंच गळ्याशी आला. एका बाईंनी सासऱ्यांच्या जुन्या पँटचं माप देऊन नवी शिवायला टाकली होती. ती घ्यायला सासरेबुवा स्वतः आले. पँट चढवली, आरशासमोर उभे राहिले, खिशात हात घातला. बोटं आत गेली, तळवा बाहेर राहिला. म्हातारा तसाच उभा.

"मास्तर, हा खिसा कुठे शिकलात?"

बोलण्याची ढब भावोजींच्याच देशातली. भावोजी पुटपुटले, "चुकून झाला. खोल करून देतो."

"चुकून नाही. असल्या खिशात मी निम्मं आयुष्य हात घातलाय." मग त्याने जवळ येऊन त्यांचा चेहरा निरखला. "तू सुतळी ना?"

तुरुंगातलं ते टोपणनाव ऐकून भावोजींच्या तोंडचं पाणी पळालं. चहा घेऊन आलेली ताई दारातच थबकली. मी कात्री हातात घेतली. तिचं काय करणार होतो, मला माहीत नाही.

"घाबरू नकोस," म्हातारा म्हणाला. "मी पळालेलो नाही, सुटलोय. सगळेच सुटले. तू गेलास त्याच्या पुढच्याच महिन्यात सरकार पडलं. नव्या लोकांनी आपली बराक रिकामी केली. अंगणात उभं करून एकेकाचं नाव पुकारलं. तुझंही पुकारलं. दोनदा."

"मग?"

"मग काय? तू हजर नव्हतास."

ताई पुढे आली. "म्हणजे आता हे मोकळे?"

"छे. माफी हजर होते त्यांना. याच्यावर पळाल्याचा गुन्हा वेगळा चढलाय. अख्ख्या बराकीत कैदी म्हणून आता हा एकटाच उरलाय." खिसा खोल करून द्यायला त्याने नको म्हटलं, कुणाजवळ बोलणार नाही असा शब्द दिला आणि तो गेला.

हसावं की कपाळ बडवून घ्यावं, मला कळेना. इतकी वर्षं हा माणूस डोळ्यांत तेल घालून जगला. महिनाभर गप्प बसला असता तर त्याच फाटकातून, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या कपड्यांत बाहेर आला असता. तिकडे त्याची आई होती. ती त्याची वाट बघत गेली. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला, आणि तो खोटं बोलला नव्हता याचा जास्त आला.

भावोजी मशीनवर कोपरं टेकून बसले होते. ताई शेजारच्या स्टुलावर बसली.

"बरंच झालं पळालात ते," ती हसत म्हणाली. "थांबला असतात तर मी कुठे भेटले असते तुम्हाला?"

यावर शहाण्या नवऱ्याने ताबडतोब 'हो ना' म्हणायचं असतं. मी मागून त्यांना खुणावलंसुद्धा. पण एक नाव सोडलं तर भावोजी कधीच काही खोटं बोललेले नाहीत. ते विचार करू लागले. ताई हसू तसंच धरून थांबली. बराच वेळ थांबली. मग तिने न प्यायलेले कप ट्रेमध्ये ठेवले आणि ती घरी निघून गेली.