वाळायचा राहिलेला निळा

डब्याच्या पारदर्शक झाकणाच्या आतल्या बाजूला एक थेंब लोंबतो आहे. तो हळूहळू लांबट होतो, पडत मात्र नाही. माझे डोळे मिटत आलेत, तरी मी त्याच्याकडे पाहते आहे.

डबा हेमाताईचा. तळाला ओला स्पंज, त्यावर कागद, कागदावर तिने कालवलेला ॲक्रिलिकचा निळा. तैलरंग वाळायचा थांबतो, ॲक्रिलिक थांबत नाही. पाणी उडालं की त्याचा पापुद्रा होतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. दवाखान्यात जाताना ताई म्हणाली होती, मी येईपर्यंत पाणी मारत राहा. ती आली नाही. मी अजून दुपारी तिच्या घरी येते, फवारा मारते. कधीपर्यंत, असं भावजींनी एकदाच विचारलं. मी फवारा मारत राहिले.

थेंब पडतो. ताई खिडकीशी बसली आहे, अंबाड्यात ब्रश खोचलेला. ती डबा हुंगते.

"मास्तरीणबाई, बुरशी पाळलीत की काय?"

मी सांगते, पाण्यात थोडं जंतुनाशक घालते. ती हसत सुटते. खोली लांबत जाते, दवाखान्याचा बोळ होते. भिंतींना तोच निळा, ओला. रंगाला धक्का लागू नये म्हणून मी अंग चोरून चालते. ताई भिंतीवरून खुशाल बोटं फिरवत जाते.

"हा माझा रंग नव्हे," ती म्हणते.

"तूच कालवलास."

"ओला आहे तोवर दुधाळच दिसणार. वाळल्यावर गडद होईल, या हिशेबाने कालवला होता. तू तो पाहिलाच नाहीस गं."

हे मला ठाऊक आहे. रंग धरून ठेवणारं द्रव्य ओलं असताना पांढरट असतं, वाळलं की पारदर्शक होतं; वर्गात मीच शिकवते. पण वाळला म्हणजे संपलं, असं मी म्हणते.

ती माझं मनगट धरते. "मी येत नाहीये, कुंदे."

जाग येते तेव्हा ऊन भिंतीवर चढलं आहे. डब्याचं झाकण घट्ट बंद. माझ्या मनगटावर निळा डाग आहे, वाळलेला, पाऊस भरून आलेल्या आभाळासारखा गडद. नखाने कड उचलते. पापुद्रा अखंड सुटून येतो, माझ्या कातडीच्या रेषांसकट.

भावजी चहा घेऊन दारात उभे असतात. फवाऱ्याच्या बाटलीत पाणी भरून आणू का, म्हणून विचारतात.

"नको, भावजी," मी म्हणते. "झाकण काढून ठेवू या. वाळू दे आता."