दाजींची कपबशी

बीड जिल्ह्यात गार पिठलं आवडीने खाणारा माणूस एकच असेल आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या वाट्याला आला. आमचे दाजी म्हणजे अक्काचे यजमान. पाटोदा तालुक्यातल्या एका गावी दूध संस्थेत दुधाचं फॅट तपासायचं काम करायचे. दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष लागलं, जनावरं आटली, दहा कॅन जायचे तिथे दोन जायला लागले आणि दाजी सकाळी साडेसातलाच मोकळे व्हायला लागले. मोकळा माणूस गावात एकतर पत्ते खेळतो नाहीतर राजकारण करतो. दाजींना दोन्ही जमत नव्हतं. म्हणून त्यांनी मोबाईलवर बघून बघून खाण्याच्या पदार्थांचे फोटो काढायची विद्या शिकायला घेतली. तीही दिव्यांच्या उजेडात. मराठवाड्यात दुसरं काही नसलं तरी ऊन भरपूर, पण ते सोडून हा माणूस खिडकीला पोतं लावून आत बल्ब पेटवून बसायचा. "ऊन आपल्या हातात नसतं बे," ते मला समजावायचे, "बल्ब कसा, म्हणावं तिकडं वळतो." त्या घरात दाजी म्हणतील तिकडे वळणारी तेवढी एकच वस्तू होती.

धान्याच्या खोलीत त्या वर्षी धान्यच नव्हतं, त्यामुळे तिचा स्टुडिओ झाला. मधोमध दुधाच्या दोन रिकाम्या कॅनवर एक पाट. डावीकडे बाज उभी करून तिच्यावर ताणलेलं दाजींचं लग्नातलं धोतर आणि त्यामागे बल्ब, म्हणजे उजेड गाळून मऊ होऊन येतो. उजवीकडे कॅनची झाकणं राखेने घासून लख्ख केलेली, उजेड परतवायला. मागे काळी घोंगडी. आणि या सगळ्या थाटात पाटावर एखादं वांगं नवरदेवासारखं बसलेलं. मला माझ्या सासुरवाडीत कधी एवढा मान मिळाला नाही. एकदा अक्काने कंटाळून त्या वांग्याची भाजी करून टाकली, तर दाजी दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "देठाची सावली आत्ता कुठं जमायली व्हती."

जेवणाच्या वेळा भुकेवर नसून विजेवर ठरायच्या. लाईट अकराला जाणार असली की स्वयंपाक दहाला तयार हवा. ताट वाढलं की आधी खोलीत जायचं, दाजी त्याच्याभोवती अर्धा तास बसायचे, उठायचे, पोटावर झोपायचे, आणि मग ते ताट बाहेर यायचं तेव्हा भाकरीचा पापड झालेला असायचा. मी एकदा न सांगता गेलो होतो. अक्काने प्रेमाने पिठलं-भाकरी केली. मी पहिला घास मोडणार, तोच दाजींनी माझं मनगट धरलं. "थांब बे, हात लावू नको. पिठल्यावर साय धरायली." आणि त्यांनी चक्क एका ब्रशने पिठल्याला तेल चोपडलं. पिठलं असं काही झळकलं की मीही बघत राहिलो. दाजींनी वीसेक फोटो काढून ताट माझ्यासमोर सरकवलं. भुकेल्या पोटी मी ते चाटूनपुसून खाल्लं आणि मग अक्काने विचारलं, "एरंडेलाची बाटली कुणी घेतली हो?" त्या दुपारी मला गावाची हागणदारी किती लांब आहे, याचा नीट अंदाज आला.

एकदा त्यांनी लिंबाच्या सरबताचा फोटो काढला. पेल्याला बाहेरून ग्लिसरीनचे थेंब लावले होते, त्यामुळे पेला बर्फातून काढल्यासारखा दिसत होता. आत पाणी होतं कोमट, टँकरचं, चार दिवसांपूर्वीचं. फोटो गावातल्या मोबाईलवर फिरला आणि तासाभरात शेजारच्या चार बाया कळश्या घेऊन दारात. "एवढं गार पाणी कुठून आणलं, आमालाबी कळू द्या की!" अक्काने त्यांना माठ उघडून दाखवला तेव्हा कुठे त्या परत गेल्या. दाजींना यात फक्त कौतुकच दिसलं.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग दूध संस्थेची निवडणूक लागली. संस्थेवर बापूंचं राज्य होतं. बापू म्हणजे गावातले मोठे बागायतदार, कायमचे चेअरमन. जनावरांसाठी चारा यायचा तो संस्थेतून वाटला जायचा आणि कुणाला द्यायचा ती यादी संचालकांच्या बैठकीत ठरायची. जी घरं ऊसतोडीला गेलेली, त्यांची नावं यादीतून गळायची. माणसं कारखान्यावर, म्हातारी आणि म्हैस घरी, आणि म्हशीपुढे काही नाही. अक्काच्या हे डोक्यात गेलं. "त्या बैठकीत आपलं एक माणूस बसलं पायजे," म्हणाली आणि महिलांच्या जागेला अर्ज भरून आली. समोर बापूंच्या भावजय. त्यांना चिन्ह मिळालं किटली, अक्काला कपबशी.

दाजींच्या अंगात वारं शिरलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची विद्या बायकोच्या कामी येणार होती. प्रचारपत्रकावरची कपबशी छापखान्यातली तयार घ्यायची नाही, आपण काढायची! आठ दिवस खोलीचं दार बंद. कपाला वाफ दिसेना म्हणून मागे उदबत्ती लावली. चहाला फेस टिकेना म्हणून त्यात शाम्पू घातला. नवव्या दिवशी, मतदान तीन दिवसांवर आलेलं असताना, त्यांनी फोटो माझ्या हवाली केला आणि मी तो पाटोद्याला छापायला नेला. खोटं कशाला सांगू, बघितल्यावर माझ्याही तोंडून "वा" निघालं. काळ्याभोर अंधारातून सोनेरी उजेड आलेला, कपातून वाफ निघतेय, आणि वरून पितळी किटलीतून चहाची धार पडतेय.

गठ्ठा सोडल्यावर अक्काने एक पत्रक उचलून दाजींपुढे धरलं.

"आवो, ही किटली कावून हाय हितं?"

"एकटा कप उघडा पडायला व्हता," दाजी म्हणाले. "वरच्या अंगाला काय तरी पायजे व्हतं."

नवीन छापायला वेळ नव्हता. अक्काने तीच पत्रकं घेतली आणि दारोदार जाऊन बोट ठेवून दाखवलं, ही नव्हे, ही. वाटेत बापू भेटले, ते हसून म्हणाले, "पाचपन्नास आमालाबी द्या. आमची किटली लई झकास आलीय." मी दाजींना त्या दिवशी नको नको ते बोललो.

अक्का चार मतांनी पडली. सात मतं बाद होती. त्या सातही मतपत्रिकांवर शिक्का कपबशीवर होता आणि किटलीवरही.

संध्याकाळी, मतदानासाठी ऊसतोडीहून परतलेल्या घरांतल्या बाया अक्काला भेटायला आल्या. त्यांना निकाल कळला होता, पण बाद मतांचं काही ठाऊक नव्हतं. एकीने अक्काचा हात धरून सांगितलं, "आमी तर तुमच्या फोटूत व्हतं तसंच केलं बगा, दोनीवर मारला. तरी कसं वं झालं असं?" अक्काने तिच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला. मग म्हणाली, "बरं केलं बाई," आणि चहा ठेवायला उठली. दाजी आतल्या खोलीत होते. त्यांना सगळं ऐकू गेलं.

अक्का भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. दाजींनी बाजेवरचं धोतर काढून घडी करून ठेवलं आणि बल्ब गोठ्यात लावला. त्या उन्हाळ्यात चाऱ्याच्या यादीत ती घरं नव्हतीच. त्यांच्यातल्या दोन म्हशी बाजारात गेल्या. त्या नेताना दाजी संस्थेच्या दारात उभे होते आणि मान वर करत नव्हते, असं मला गावातल्या एकाने सांगितलं. मी त्यांना बोललो होतो त्याची मला तेव्हा फार लाज वाटली.

पाच वर्षांनी अक्काने पुन्हा अर्ज भरला. या वेळी चिन्ह छत्री. फोटो कोण काढणार, हे विचारायची कुणाची हिंमत होईना. दाजीच छत्री घेऊन अंगणात गेले. भर दुपारी, चुन्याच्या भिंतीला छत्री टेकवली, एकदाच बोट दाबलं आणि मोबाईल माझ्या हातात दिला. मी बघितलं. पांढरी भिंत, काळी छत्री. शाळेच्या तक्त्यावर असते तशी.

"दिसायली का छत्री?"

"दिसतेय, दाजी."

"दुसरं काय दिसायलं का?"

"नाही."

"मग दे छापायला."

निकालाच्या दिवशी मी मतमोजणीच्या खोलीतून धावत बाहेर आलो तेव्हा दाजी भिंतीपाशी एकटेच उभे होते. गुलाल उडत होता, लोक अक्काचं नाव घेऊन ओरडत होते. किती मतांनी आली, हे त्यांनी विचारलंच नाही.

"बाद किती?"

"एकही नाही, दाजी."

त्यांनी दोनदा मान हलवली. मग म्हणाले, "ऊन लई हाय आज," आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. माझे डोळे पुसायला मी तेवढा वेळ तिकडे पाठ केली.