बेलवरचं नाव

"राहू दे गं. नैवेद्याचं आम्ही बघतो. तू पाहुणी ना? बाहेर बस."

काकूंनी माझ्या हातातली उकडीची पारी काढून घेतली. अकरा मोदक झाले होते. मी केलेले अकरा. ते त्यांनी ताटातून उचलले आणि सिंकशेजारी खरकट्याच्या बशीत ठेवले. मग हात धुतले. साबण लावून.

पाच मिनिटांपूर्वी याच बाई म्हणत होत्या, "काय सुरेख कळ्या पाडतेस गं!" मग प्रश्न सुरू झाले. गाव कुठलं? गावात घर कुठल्या अंगाला? "आनंद असं आडनाव नसतं गं आपल्यात. खरं काय?"

मी खरं सांगितलं होतं.

जर्मनीत, हॅनोव्हरमधलं काकूंचं घर, चौथा मजला. खाली ट्राम, वर गणपती. आमच्या घरी गणपती बसत नाही. तरी मी माझं मोदकपात्र घेऊन गेले, कारण इथे आठवडेच्या आठवडे मराठी कानावर पडत नाही. पीएचडी करते म्हणे मी! अक्कल कुठे गेली होती?

आनंद हे माझ्या वडिलांचं नाव. विमानतळावर आबा म्हणाले होते, "तिकडं नुसतं माझं नाव लाव. आडनाव पासपोर्टात राहू दे. सुखात राहशील." बापानं लेकीला निरोप देताना असं सांगावं? पण मी ऐकलं. इथे दारावरच्या बेलवर फक्त आडनाव असतं. तिथंही मी आनंद चिकटवलं. पासपोर्टातल्या नावाची सरकारी पत्रं पोस्टमन परत न्यायचा. तरी बदललं नाही.

त्याच बेलवर माझ्या नावाखाली एलिफचं नाव होतं. अख्खं, ठळक. एलिफ माझी फ्लॅटमेट, अंकाराची. तिच्या मागे तिकडचे पोलीस, आणि ही नाव असं ठळक लावते! मी विचारलं तर म्हणाली, "शोधणारे शोधतीलच. आईचं पत्र तरी चुकायला नको."

विद्यापीठात तिनं फीवाढीविरुद्ध फलक लावले, संप केला, लाल झेंड्याखाली भाषणं केली. विसाव्या वर्षी तुरुंगात गेली. तिथं तिच्यापुढे एक कागद आला. त्यावर लिहिलेलं, मला पश्चात्ताप होतो, ही माझ्या साथीदारांची नावं. सही कर आणि घरी जा. भेटीला आई यायची, काचेपलीकडून रडायची, "कर गं बाई सही." हिनं केली नाही. सुटली, पुन्हा खटला लागला, तेव्हा देश सोडला. निघताना आईनं तिच्या मागे भांडंभर पाणी ओतलं. त्यांच्यात रीत आहे. पाण्यासारखी जा, पाण्यासारखी परत ये.

परत जाणं झालं नाही. फेब्रुवारीत आई गेली. दफन एलिफनं आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून फोनवर पाहिलं. शेवटी कबरीवर पाणी घालतात. तिकडे शेजारीण पाणी घालत होती, आणि इकडे एलिफनं भांडं उचलून सिंकमध्ये ओतलं. रिकामं झालं तरी वाकडं धरून उभी होती. माझ्याच्यानं ते तिच्या हातातून सोडवेना.

गणपतीला ती माझ्याबरोबर आली होती. तिला मराठी कळत नाही. पण डोळे होते ना! परतताना ट्राममध्ये तिनं विचारलं, "ती बाई काय म्हणाली?"

"मोदक बिघडले होते."

एलिफनं पिशवीतून कागदी रुमाल काढला. त्यात माझे मोदक. खरकट्याच्या बशीतून उचलून आणलेले. एक खाल्ला. दुसरा खाल्ला.

"चांगले आहेत," ती म्हणाली. "आल्झो, तर मग, आता खरं सांग."

मला रडू फुटलं. भर ट्राममध्ये. हिनं एका खोट्या कागदावर सही केली नाही, आणि त्यापायी हिला आईचं शेवटचं तोंड दिसलं नाही. माझ्यापुढे तर कुणी कागदही धरला नव्हता. मी आपणहून सही करत होते. रोज. बेलवर.

मग सगळं सांगितलं. गावाचं अंग, आडनाव, साबण. जात म्हणजे काय, हे जर्मनमध्ये सांगताना जीभ अडखळत होती. सगळं ठीक होईल, असं काही ती म्हणाली नाही. खिडकीकडे बघत म्हणाली, "सही केली असती तर आई भेटली असती. रोज मनात येतं. तरी केली नसती."

घरी येऊन आबांना फोन लावला. "आबा, उद्यापासून आडनाव लावते."

आबा म्हणाले, "तरास हुईल गं तुला."

"होऊ दे."

आबा रडत होते. माझा म्हातारा, लेकीच्या सुखासाठी स्वतःचं आडनाव खोडणारा. त्याच पायी मी खाली गेले आणि बेलवरची पट्टी नखानं खरवडून काढली.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन. "अगं, तुझं मोदकपात्र राहिलंय इथे. घेऊन जा ना. आणि मनात काही ठेवू नकोस हं. आम्ही तसलं काही मानत नाही."

"मी येणार नाही काकू. तुम्ही आणून द्या."

मी पत्ता सांगितला.

"आणि बेलवर आनंद शोधू नका. कांबळे लिहिलंय. त्यावर बोट ठेवावं लागेल."